शितावरून भाताची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



भगवान बुद्धांचे चरित्र, त्यांची शिकवण आणि आजच्या संसारात तिचा उपयोग, असा विषय मला नेमून देण्यात आला आहे. विषय सागराएवढा आणि वेळ ओंजळभर! तेव्हा मी तो माझ्या सोयीने लहान करून घेतला आहे. बुद्धांच्या तत्त्वज्ञानावर विद्वानांनी ग्रंथांच्या राशी रचल्या आहेत. त्यांत माझी भर नको. ते तत्त्वज्ञान ऐकून त्या काळच्या बायकांनी काय केले आणि त्यातून आपल्याला काय करता येईल, एवढेच मी सांगणार आहे.

चरित्राची रूपरेषा आपणांस ठाऊक आहेच. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्य कुळात, आजच्या नेपाळातील लुंबिनी येथे सिद्धार्थ गौतमांचा जन्म झाला. सम्राट अशोकाने उभारलेला स्तंभ तेथे अजून उभा आहे. जन्मानंतर सातव्या दिवशी आई मायादेवी वारली आणि मावशी महाप्रजापती गौतमी हिने त्या पोराला आपल्या अंगावर पाजून वाढविले. २९ व्या वर्षी त्यांनी घर सोडले. सहा वर्षे देह झिजविणारी तपश्चर्या केली. ती व्यर्थ आहे हे उमगल्यावर सुजातेच्या हातची खीर घेतली आणि ३५ व्या वर्षी गयेजवळ बोधिवृक्षाखाली त्यांना ज्ञान झाले. सारनाथला पहिला उपदेश केला. पुढे ४५ वर्षे, पावसाळा सोडला तर, ते गावोगाव पायी हिंडत राहिले. ८० व्या वर्षी कुसिनारा येथे दोन शालवृक्षांमध्ये त्यांनी देह ठेवला.

हे चरित्र ऐकताना आपणा बायकांच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो: यशोधरेचे काय? निजलेल्या पत्नीला आणि तान्ह्या राहुलाला सोडून मध्यरात्री निघून जाणे हा कुठला धर्म? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, रास्त आहे. आपल्या मराठीत बुद्धचरित्राचा सर्वांत कसून अभ्यास धर्मानंद कोसंबी यांनी केला. गोव्यातील सांखवाळ या गावचे हे गृहस्थ पत्नी व लहानगी मुलगी मागे ठेवून १८९९ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात घराबाहेर पडले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही घरचाच होता म्हणावयाचा! आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी दाखविले आहे की जुन्या पाली सूत्रात मध्यरात्रीची कथा नाहीच. तेथे एवढेच आहे की वडीलधारी माणसे रडत असताना, त्यांच्यादेखत, त्यांनी केस-दाढी उतरवून घर सोडले. रात्रीचा देखावा मागाहून आला.

तरीही दुःख उरतेच. त्या दुःखाला बुद्धांनी कान बंद केले नाहीत, याचा पुरावा विनयग्रंथात आहे. पुढे कपिलवस्तूला आले असता त्यांनी बालवयाच्या राहुलालाही संघात घेतले. तेव्हा वृद्ध शुद्धोदन येऊन म्हणाले की मुलगा गेला, आता नातूही गेला. हे दुःख कातडे, मांस भेदून हाडापर्यंत जाते. यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून कोणाचे मूल घेऊ नये. बुद्धांनी ते मान्य केले आणि तसा नियम घालून दिला. घरच्या माणसाचे दुःख ऐकून नियम बदलणारा हा गुरू होता, एवढे ध्यानात ठेवावे.

आता महाप्रजापतीकडे वळू. शुद्धोदनाच्या निधनानंतर तिने संघात प्रवेश मागितला. बुद्धांनी तीनदा नकार दिला. तेव्हा या राजघराण्यातल्या बाईने केस कापले, भगवी वस्त्रे नेसली आणि अनेक शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत ती चालत गेली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, डोळ्यांत पाणी, अशा स्थितीत ती विहाराच्या दाराबाहेर उभी राहिली. आनंदाने तिला पाहिले आणि तो रदबदली करावयास आत गेला. तीनदा विनवूनही नकारच आला, तेव्हा त्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला: स्त्री घरदार सोडून या मार्गाने गेली तर तिला शेवटचे फळ मिळणे शक्य आहे की नाही? बुद्ध म्हणाले, शक्य आहे. मग अडविता कशाला, हा प्रश्न उघडच होता. दार उघडले.

पण दार उघडताना आठ अटी घातल्या गेल्या. त्यांतली पहिली अशी की भिक्षुणीला दीक्षा घेऊन शंभर वर्षे झाली असली तरी तिने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे. हे वाचून मन खट्टू होते, आणि ते लपविण्याचे कारण नाही. गौतमीलाही ते रुचले नव्हते. तिने आठही अटी मान्य केल्या, पण नंतर आनंदाकरवी विचारून पाहिले की वंदन तरी वयोमानाने, ज्येष्ठतेने व्हावे. ती विनंती मान्य झाली नाही, असे ग्रंथ सांगतो. या अटी मागाहून घुसडल्या गेल्या असाव्यात, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. कारण त्यांपैकी एका अटीत दोन वर्षे उमेदवारी केलेल्या शिष्यिणीचा उल्लेख आहे. ज्या दिवशी एकही भिक्षुणी नव्हती, त्या दिवशी ही उमेदवारी आली कोठून? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये ‘महाबोधी’ मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, त्यातही बुद्धांच्या तोंडी घातलेली स्त्रियांविषयीची काही वचने मागाहूनच्या भिक्षूंची असावीत असे त्यांनी साधार मांडले आहे. म्हणजे ग्रंथावरही प्रश्न करावयाचा असतो. आणि ही मुभा बुद्धांनीच दिलेली आहे.

ती त्यांनी कोणाला दिली? केसपुत्त गावच्या कालाम लोकांना. त्या बिचाऱ्यांची तक्रार अशी की गावात एक साधू येतो, आपले मत खरे म्हणतो. दुसरा येतो, पहिल्याचे खोटे म्हणतो. आम्ही कोणाचे धरावे? बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही धरू नका. एखाद्या गोष्टीने आपले व दुसऱ्याचे अहित होते, शहाणी माणसे तिला दोष देतात, हे तुमचे तुम्हाला कळले की ती सोडा. हित होते असे कळले की ती धरा. म्हणजे परीक्षा आपली आपण करावयाची. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, शितावरून भाताची परीक्षा!

ही म्हण मी उगाच काढलेली नाही. सोमा नावाची एक भिक्षुणी श्रावस्तीजवळच्या वनात ध्यानाला बसली होती. मार, म्हणजे माणसाला वाटेवरून खाली ओढणारी वृत्ती, तिला हिणवू लागला की ऋषींना जे कष्टाने मिळते ते दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला कसे मिळणार? ही दोन बोटांची बुद्धी म्हणजे काय? जुने टीकाकार सांगतात की बायका लहानपणापासून भात रांधतात, आणि शिजला की नाही हे शीत दोन बोटांत दाबून पाहतात. म्हणून ही कुचेष्टा. सोमेने शांतपणे विचारले की चित्त स्थिर झाले आणि धर्म नीट दिसू लागला, मग तेथे बाईपणाचा संबंध काय? मार निमूटपणे निघून गेला.

मला या कथेत आणखी एक गंमत दिसते. ज्या दोन बोटांची टवाळी केली, तीच तर बुद्धांची रीत! भात शिजला असे शेजारणीने सांगितले म्हणून आपण चुलीवरून उतरवीत नाही. शीत दाबून पाहतो. धर्माचेही तसेच करा, असे कालामांना सांगितले. भगिनींनो, ही विद्या आपल्या हातांत उपजत आहे. ती भातापुरती का ठेवावी?

अशी परीक्षा करून पाहिलेल्या बायकांची साक्ष ‘थेरीगाथा’ या पाली ग्रंथात आहे. भिक्षुणींच्या नावावरची त्यातली ७३ काव्ये हा स्त्रियांच्या वाणीचा जगातील अतिशय जुना संग्रह आहे. त्यात राजकन्या आहेत, गणिका आहेत, आणि पाणी भरणारी दासी पुण्णा आहे. थंडीत कुडकुडत नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप धुतले जात असते तर मासे, बेडूक, कासवे सगळीच स्वर्गाला गेली नसती का? कोणी मुत्ता आहे. ती उखळ-मुसळाच्या जोडीला आपल्या नवऱ्याचाही हिशेब मांडते आणि सगळ्यांतून सुटल्याचा आनंद सांगते! आणि एक अशी आहे की तिला नवऱ्याने संघात जाण्याची परवानगी दिली नव्हती. स्वयंपाकघरात एकदा जाळ भडकून भाजी करपली. आपण अशा वेळी हळहळलो असतो. तिने त्या करपणाऱ्या भाजीतच ओळखले की सर्व काही असेच नाशवंत आहे.

किसागोतमीची गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत हिंडली आणि बुद्धांनी तिला, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. या गोष्टीचे तात्पर्य आपण मृत्यू अटळ आहे असे काढतो. ते खरेच, पण तिला हे शिकविले कोणी? बुद्धांनी प्रवचन दिले नाही, तिला शेजारच्या दारी पाठविले. दारोदारच्या बायकांनी मोहरी पुढे केली आणि आपापले दुःख सांगितले. कोणाचा मुलगा गेला होता, कोणाचा बाप. संध्याकाळपर्यंत तिचा शोक एकटीचा राहिला नाही. माझ्या मते श्रावस्तीच्या त्या बायका म्हणजे एक महिला मंडळच होते; फक्त त्याची नोंदणी झाली नव्हती, इतकेच!

आता शिकवणीकडे येते. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते संपू शकते आणि संपविण्याची वाट आहे, हा तिचा गाभा. कारण म्हणजे तृष्णा, हवे-नकोचा हट्ट. वाट म्हणजे अष्टांगिक मार्ग. त्यात सम्यक वाचा आहे, सम्यक स्मृती आहे. ही नावे जड वाटतात. पण बुद्धांनी भिक्षूंना राग समजावून देताना जी गोष्ट सांगितली ती चक्क एका गृहिणीची आहे.

श्रावस्तीत वैदेहिका नावाची एक घरंदाज बाई होती. स्वभावाने शांत, नम्र, गोड बोलणारी, अशी तिची गावभर कीर्ती. तिची काली नावाची दासी मोठी हुशार आणि कामाला चोख. कालीच्या मनात आले, बाईसाहेब खरोखरच शांत आहेत, की मी काम नेटके करते म्हणून राग बाहेर पडत नाही? पाहू या. दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. बाई कपाळाला आठ्या घालून ओरडल्या. त्याच्या पुढल्या दिवशी ती आणखी उशिरा उठली. बाईंनी वाटेल ते बोलून घेतले. तिसऱ्या वेळी बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. रक्त वाहत असलेले डोके घेऊन काली शेजारणींकडे गेली आणि म्हणाली, पाहा, शांत बाईंचे काम! झाले, वैदेहिकेची कीर्ती धुळीला मिळाली.

परीक्षा कोणी केली पाहा. मालकिणीची दासीने! आपली शांती हळदीकुंकवाच्या दिवशी, अत्तरगुलाब लावताना कळत नाही. कामवाली बाई न सांगता दोन दिवस आली नाही आणि तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिली, की तेव्हा आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, ते आपले शीत. सून दूध उतू घालते तेव्हा, सासूबाई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात तेव्हा, मुलाचे गुण कमी येतात तेव्हा, ही सारी शितेच आहेत.

बोलण्यासाठी बुद्धांनी पाच कसोट्या दिल्या आहेत. ही बोलण्याची वेळ आहे का? मी बोलते ते खरे आहे का? ते सौम्य आहे का? त्याचा ऐकणाऱ्याला उपयोग आहे का? आणि माझ्या मनात मैत्री आहे का? पाचांतून एकाचे उत्तर ‘नाही’ आले तर थांबावे. अन्याय दिसला तरी गप्प बसा, असा याचा अर्थ नव्हे. खरे बोलायचेच आहे, पण रागाने ऐकणाऱ्याचे कान बंद होतात.

थांबावे म्हटले तरी थांबणे होत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव. त्यासाठी मनाला सवय लावावी लागते, आणि ती सवय म्हणजे ध्यान. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता जाणावयाचा. मन पळाले की परत आणावयाचे. पळाले म्हणून स्वतःवर रागवावयाचे नाही. ब्रह्मदेशात राहिलेली ही परंपरा सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात परत आणली आणि १९७६ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र सुरू झाले. तेथे दहा दिवस मौन पाळून ही साधना शिकवितात. कोणत्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नाही. दहा दिवस घर सोडणे ज्या भगिनींना जमेल त्यांनी अवश्य जावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी रोज कुकरच्या दोन शिट्यांमधला वेळ तरी आपल्या श्वासाला द्यावा. भात त्या वेळात शिजतोच आहे. मनही थोडे शिजेल!

तथापि बुद्धांची शिकवण डोळे मिटून बसण्यापुरती नाही, हे आपल्या महाराष्ट्राला तरी सांगावयास नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. माईसाहेब त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. ज्यांना पाणवठ्यावर शिवू दिले जात नव्हते त्यांना त्या दिवशी शील मिळाले आणि ताठ मान मिळाली. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांमागे, या सह्याद्रीत लेणी खोदली गेली, तेव्हा दान देणाऱ्यांत बायका होत्या. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा लेख आहे; कान्हेरीत भिक्षुणींची दाने कोरलेली आहेत. भिक्षुणीसंघ पुढे भारतातून आणि लंकेतूनही लोपला. पण तो लोपण्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, लंकेच्या भिक्षुणींनी चीनमध्ये जाऊन दीक्षा दिली होती. तो दिवा पूर्वेकडे तेवत राहिला. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला लंकेच्या स्त्रियांनी त्याच पूर्वेकडील संघांच्या साहाय्याने पुन्हा दीक्षा घेतली. गौतमीने चालू केलेली पायपीट हजारो मैल फिरून भारतात परत आली, असेच म्हणावयाचे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या मंडळासंबंधीचा आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

पटाचारा नावाची एक थेरी होती. एका फेऱ्यात तिचा नवरा साप चावून गेला, दोन्ही मुले गेली, आईबाप आणि भाऊ घर कोसळून गेले. ती वेडी झाली. अंगावर वस्त्र राहिले नाही. लोक तिला हाकलीत होते तेव्हा बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले आणि कोणीतरी तिच्या अंगावर आपला शेला टाकला. हीच पटाचारा पुढे कितीतरी स्त्रियांची गुरू झाली. राणीच्या महालात दासी असलेली खुज्जुत्तरा हिला ऐकलेले सारे मुखोद्गत. तिला उंच आसन देऊन राणी सामावती खाली बसली व तिच्याकडून धर्म शिकली.

मी विचारते, आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला पटाचारेला आमंत्रण जाईल का? आपल्याकडे भांडी घासणारी खुज्जुत्तरा आपल्या शेजारी सतरंजीवर बसेल का, की ती दाराशीच उभी राहील? नवरा गेला त्या दिवशी ज्या बाईला माणसांची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसापासून तिचे नाव आमंत्रणाच्या यादीतून खाली जाते. ही चाल परंपरेने आलेली आहे, हे खरे. परंतु कालामांची कसोटी लावून पाहा. हिने कोणाचे हित होते? कोणाचे मन दुखते? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यापुढे बंद. तो ठराव बुद्धांच्या नावाने झालेला नव्हता. पण परीक्षा तीच, शीत दाबून पाहण्याची. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही त्या वाटेने जाण्यास सांगितले. खेड्याला जे जमले ते आपल्या मंडळाला जमू नये काय?

माझी सूचना लहानशी आहे. येत्या संक्रांतीला आपल्या वस्तीतल्या प्रत्येक बाईला तिळगुळाचे आमंत्रण जावे. सवाष्ण की विधवा, मालकीण की कामवाली, ही चौकशी यादी करताना होऊ नये. ज्यांना कुंकू लावून घ्यावयाचे त्यांनी घ्यावे, ज्यांना नको त्यांनी फूल घ्यावे. कार्यकारिणीने यावर विचार करावा, आणि मी सांगते म्हणून नव्हे, तर आपणा प्रत्येकीला स्वतःच्या मनात तपासून पटले तरच ते करावे. कसोटी आपल्याच दोन बोटांत आहे.